तारीख पडली की मला बरं वाटायचं

लेकीला घेऊन मी पुण्याहून सोलापूरला माहेरी आले, तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. सहा महिन्यांनी तिच्या बाबांनी पुण्यात ताब्यासाठी अर्ज केला. नोटीस आली त्या रात्री मी तिला कुशीत घेऊन जागीच होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरगी आहे, आईकडंच राहणार." पण कायदा साधारणपणे आईकडे ठेवायचं म्हणतो ते पाच वर्षांखालचं मूल. त्यापुढे बघायचं ते मुलाचं हित.

वकीलबाईंनी मात्र आधी वेगळाच मुद्दा काढला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल सामान्यतः जिथं राहतं, तिथल्या न्यायालयात असा अर्ज चालतो. मी शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, दवाखान्याची फाईल गोळा केली. दर तारखेला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरायची आणि संध्याकाळच्या त्याच गाडीनं परत यायचं. शेवटी तो अर्ज योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिला गेला आणि प्रकरण सोलापुरात आलं. घरी पेढे आणले. पोरीला कोण कसं सांभाळतं यावर तोवर एक शब्दही निघाला नव्हता.

इथं तिच्या बाबांनी अंतरिम भेटीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत लेकीला भेटू द्यावं असा, अर्ज दिला. त्यावर माझं म्हणणं द्यायचं होतं. मी मुदत मागितली, पुढच्या तारखेला पुन्हा मागितली. एकदा आमच्या बाई आजारी होत्या, एकदा त्यांचे वकील आले नाहीत. हे लिहिताना जड जातंय, पण तारीख पडली की मला बरं वाटायचं. मूल माझ्याकडं होतं. प्रकरण जितकं लांबेल तितकं ते माझ्याकडंच राहणार होतं. निकाल न लागताच मी जिंकत होते.

मग विवाह समुपदेशकांकडे तिघांना बोलावलं. त्यांनी आधी लेकीशी एकटीशी बोलणं केलं, मग बाबांना आत घेतलं. बापलेकीची भेट होऊन वर्ष उलटलं होतं. ते खाली बसले, तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पुढचे दात कधी पडले गं?" तिचे दात पडून नवे अर्धे आलेही होते. तिनं उत्तर दिलं नाही. दाराच्या फटीतून आधी माझ्याकडं बघितलं. बाबांशी बोलू का, हे ती मला विचारत होती.

त्या दिवशी पायऱ्या उतरताना मी वकीलबाईंना सांगितलं, आता मुदत मागायची नाही. पुढच्या तारखेला दोघांनी मिळून पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, दिली : दुसरा आणि चौथा शनिवार, बुधवारी व्हिडिओ कॉल, उन्हाळी सुट्टी अर्धी अर्धी. तसा अंतरिम आदेश झाला.

पण घाईत एक चूक राहिली. आदेशात वार होता. वेळ आणि जागा नव्हती. पहिल्याच शनिवारी ते स्टेशनवर थांबले, आम्ही घरी. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी किती वाजता आणून सोडायचं यावरून भर रस्त्यात आवाज चढले आणि लेक मधे उभी राहून रडली. म्हणून पुन्हा दुरुस्तीचा अर्ज. आता लिहिलेलं आहे : सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, पोचवायला आजोबा, परीक्षा असेल तर पुढचा शनिवार, उशीर झाला तर फोन कुणी कुणाला करायचा. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर सही करण्याआधी आदेशाचा मसुदा शब्दन् शब्द वाचा. बारीकसारीक वाटणाऱ्या या ओळींवरच मुलाचा सगळा शनिवार चालतो.

या जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा त्यांच्या दिवशी येत नव्हती. लेक चार दिवस विचारत होती. या वेळी मीच वकीलबाईंना फोन करून त्या एका दिवसाची जादा संमती द्यायला सांगितलं. रात्री ती घरी आली ती बत्तासे आणि मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांची गोष्ट घेऊन. आजीला सांगताना एकदाही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

मुख्य अर्जात अजून पुरावा सुरू आहे.