व्हाउचर देतात, ऊन देत नाहीत

आमच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. पत्र अगदी सभ्य होतं. तुमच्या बाल्कनीत कपडे वाळत घातलेले दिसले, करारानुसार त्याला परवानगी नाही, कृपया काढून घ्यावेत. कारण दिलं होतं इमारतीच्या दर्शनी भागाच्या शोभेचं. वाळत होती ती लेकीची बाळुती, पांढरीशुभ्र धुतलेली आणि चिमटे लावून ओळीत घातलेली.

लंडनच्या नियमांची मला सवय झाली आहे. कचऱ्याचे वेगवेगळे डबे, रात्री उशिरा वॉशिंग मशीन न लावणं, हे सगळं मी मनापासून पाळते आणि नाशिकला फोनवर त्याचं कौतुकही करते. हा एक नियम मात्र मला पटलेला नाही. का पटला नाही ते सविस्तर लिहिते, कारण घरच्यांना वाटतंय की मी उगाच हट्टाला पेटले आहे.

आधी चांगलं सांगते. लंडनमधल्या काही बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागांमध्ये, कापडी लंगोट घेणाऱ्या आईबापांना काउन्सिल, म्हणजे तिथली पालिका, व्हाउचर देते. हिशोब सरळ आहे. डायपर कचऱ्यात गेले की ते उचलायचा आणि त्यांची विल्हेवाट लावायचा खर्च काउन्सिलच्याच माथी येतो. शिवाय इथे 'नॅपी लायब्ररी' असतात, बहुतेक स्वतःही आई असलेल्या स्वयंसेविकाच त्या चालवतात. थोडं डिपॉझिट ठेवायचं, काही आठवडे लंगोटांचं किट घरी न्यायचं, आपल्या बाळाला काय बसतंय ते बघायचं आणि मगच विकत घ्यायचं. आमच्या इथल्या लायब्ररीतल्या बाईंनी तासभर घालवून एकेक प्रकार बाहुलीवर लावून दाखवला. मी नवखी आहे, परकी आहे, असं एकदाही जाणवू दिलं नाही. शोषून घेणारे थर आतच शिवलेला 'ऑल इन वन', खिशात पॅड सरकवायचा 'पॉकेट', आत कापड आणि वरून पाणी न झिरपणारी चड्डी असा दोन भागांचा, आणि सगळ्यात शेवटी टेरीचा, म्हणजे टॉवेलसारख्या कापडाचा, नुसता चौकोन.

त्या चौकोनाची घडी मी अजूनही तशीच घालते. दोन कोपरे मधल्या रेषेवर आणायचे, म्हणजे पतंगाचा आकार होतो. वरचं टोक खाली दुमडायचं, खालचं टोक बाळाच्या उंचीच्या मापाने वर घ्यायचं. मग दोन्ही बाजू पोटावर आणून तीन दातांच्या रबरी पकडीने अडकवायच्या. सेफ्टी पिन लागत नाही. त्या बाई म्हणाल्या, "ही सगळ्यात जुनी पद्धत आहे, पण सगळ्यात लवकर हीच वाळते."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आजी नेमकं हेच करायची. नातवंडांची सगळी बाळुती तिने आपल्या जुन्या सुती नऊवारीतून काढली. कडेला कात्रीची एक खाच द्यायची आणि दोन्ही हातांनी टरकन फाडायचं, म्हणजे कापड विणीबरोबर सरळ फाटतं. कडा शिवायच्या नाहीत, शिवण बाळाच्या मांडीला टोचते. वर्षानुवर्षं धुतलेलं ते लुगडं नवीन दुकानी कापडापेक्षा कितीतरी मऊ असायचं. वापरताना चौपदरी, दोरीवर एकपदरी. आजीला शोषकता, थर वगैरे कुणी शिकवलं नव्हतं, पण जाड शिवलेली वस्तू आतून ओली राहते आणि कुबट वास मारते हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथे त्या महागड्या 'ऑल इन वन'ला थंडीत वाळायला दीड-दोन दिवस लागतात. माझा मलमलचा चौकोन त्यातल्या त्यात लवकर मोकळा होतो.

आता त्या पत्राकडे येते. या देशात कापड चांगलं की डायपर, याचा सरकारी पातळीवर अभ्यास झालेला आहे. २००८ साली इथल्या पर्यावरण खात्याचा अहवाल आला. अडीच वर्षांच्या वापराला डायपरचं उत्सर्जन ५५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं आणि कापडाचं सरासरी ५७० किलो. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण त्याच अहवालात पुढे आहे की मशीन भरून लावलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा आकडा तब्बल २०० किलोंनी उतरतो. उलट सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर कापड डायपरच्याही पुढे जातं. २०२३ मध्ये नवा अहवाल आला, त्यात कापडाचे ३४५ किलो आणि डायपरचे ४५७, म्हणजे कापडाचा सुमारे २५ टक्के फायदा. दोन्ही अहवालांत लंगोट कशाचा आहे यापेक्षा तो धुता कसा आणि वाळवता कसा, यावरच बरंचसं अवलंबून आहे.

मग मला सांगा, एका हाताने व्हाउचर द्यायचं आणि दुसऱ्या हाताने दोरी काढून घ्यायची, याला काय म्हणावं? व्हाउचर देणारी काउन्सिल आणि पत्र पाठवणारी कंपनी वेगळी आहे, हे मलाही कळतं. पण बाळ एकच आहे आणि बाल्कनीही एकच. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. जे काही ऊन वाट्याला येतं ते बाल्कनीत दोन-अडीच तास. ते सोडून घरात स्टँडवर वाळत घाला, तर खिडकीच्या चौकटीला ओल धरते, काळी बुरशी येते, आणि त्याबद्दल पुन्हा वेगळं माहितीपत्रक येतं की घरात कपडे वाळवू नका, हवा खेळती ठेवा. शेवटी आम्ही हवेतली ओल शोषणारं यंत्र घेतलं. ते विजेवर चालतं. फुकटचं ऊन काचेपलीकडे असताना आम्ही विजेचे पैसे भरून बाळुती वाळवतो आहोत.

आणि ऊन फक्त वाळवण्यापुरतं नसतं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या रंगाची असते, तिचा पिवळा डाग ६० अंशांच्या पाण्यातूनही तसाच बाहेर येतो. ओलं कापड उन्हात टाकलं की तो फिकट होत होत निघून जातो, कुठलंही रसायन न घालता. नाशिकच्या गच्चीवर चैत्रातल्या उन्हात हे एका दुपारीत होतं.

आगीच्या भीतीने बाल्कनीत जळाऊ सामान ठेवू देत नाहीत, ते मला मान्य आहे. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीला २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर इथले लोक याबाबत हळवे आहेत आणि असायलाच हवेत. पण माझ्या पत्रात आगीचा उल्लेखच नव्हता. उल्लेख होता शोभेचा. बाळाचे धुतलेले कपडे दिसले की इमारतीची शोभा जाते, हा विचार मला आतून लागला. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी दोरीवर कपडे वाळवायचा हक्क कायद्याने जपला आहे. म्हणजे असा प्रश्न पडणारी मी काही पहिली नाही.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय चाललंय? गंगापूर रोडला भावाच्या नव्या सोसायटीत लिफ्टजवळ सूचना लावली आहे, बाल्कनीच्या बाहेर कपडे वाळत घालू नयेत. वर्षातले आठ महिने लख्ख ऊन पडणाऱ्या गावात! लंडनने एकवेळ शोभेचे लाड करावेत, नाशिकने कशाला?

आईशी या विषयावर माझं जवळजवळ भांडण झालं. व्हिडिओ कॉलवर मागे स्टँडवरची बाळुती बघून ती म्हणाली, "एवढी शिकलीस, तिकडे गेलीस, आणि अजून बाळुतीच धुतेस?" तिला राग नव्हता, वाईट वाटत होतं. तिच्या बाळंतपणात पहाटे थंड पाण्यात हात घालून तिनेच धुणं काढलं होतं, ओलेत्या पदराने. घरातल्या पुरुषांपैकी कुणी त्या बादलीकडे बघितलंही नव्हतं. तिच्या दृष्टीने डायपर म्हणजे सुटका, आणि लेकीने ती सुटका नाकारली असं तिला वाटतं. मी तिला सांगितलं, आई, इथे बादलीत भिजवतही नाहीत. शी संडासात टाकायची, लंगोट झाकणाच्या कोरड्या डब्यात, आधी एकदा नुसतं खळबळून घ्यायचं आणि मग मशीनमध्ये ६० अंशांवर पूर्ण धुलाई. सॉफ्टनर घालायचा नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. लंडनचं पाणी जड आहे, म्हणून पावडर थोडी जास्त. आणि हे सगळं दिवसाआड तुझा जावई करतो. शेवटच्या वाक्यावर ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "करतो का खरंच?" करतो. नीट करतो. हे मी इथे अभिमानाने लिहिते आहे, कारण कापडाचा पुरस्कार करणारे बहुतेक लेख हात कुणाचे हे सांगायचंच विसरतात.

आईसारखंच मनमाडच्या मावशीनेही मला गप्प केलं. ती म्हणाली, "आमच्याकडे नळाला पाणी कधी यायचं तुला माहीत नाही का? प्यायचं साठवू की लंगोट धुऊ?" याला माझ्याकडे उत्तर नाही. गंगापूर धरणाचं पाणी रोज नळाला येणाऱ्या नाशिककराने मनमाड-नांदगावच्या बाईला कापडाचं महत्त्व सांगू नये. गावाकडची पोरगी डायपर आणते म्हणून नाकं मुरडणारे लोक मी बघितले आहेत. त्यांनी एक उन्हाळा तिथे काढून बघावा.

वेळेचंही तेच. इथे बाळंतपणाची रजा ५२ आठवड्यांपर्यंत घेता येते, त्यातल्या ३९ आठवड्यांचे पैसे मिळतात, पहिले सहा आठवडे सोडले तर बेताचेच. आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी झाली, ही मोठी गोष्ट आहे, पण दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या बाईला त्यातलं काही लागू नाही. मी घरी आहे म्हणून घड्या घालते आहे. कामावर परतल्यावरही घालेन असं मला वाटतं, कारण यंत्र आहे आणि नवरा आहे. रात्री आणि प्रवासात मीही डायपरच लावते. त्याबद्दल मला कुणी टोकू नये, मीही कुणाला टोकत नाही. दिवसाची कापडं वाचली तरी कचऱ्याची पिशवी निम्मी होते.

पण कचऱ्याबद्दल टोकणार. घंटागाडीमागे धावत सुटं डायपर ओल्या कचऱ्यात टाकणारे शेजारी आमच्या कॉलनीत होते, आजही असतील. ते डायपर दादा लोक हाताने वेगळे काढतात. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की डायपर आणि पॅड पुडक्यात किंवा कागदात नीट गुंडाळून द्यायचे. पुण्यात कचरावेचक ताईंनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, पुडक्यावर लाल ठिपका दिसला की आत काय आहे ते न उघडता कळतं. लंडनच्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी ही शिस्त उद्यापासून नाशिकमध्ये सुरू करावी. तिला व्हाउचर लागत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वहिनी. तिचे दिवस श्रावणात भरतायत आणि तिने विचारलंय, पावसात हे जमेल का? वहिनी, जमेल, पण मी पाठवते म्हणाले होते ते जाड शिवलेले लंगोट मागवू नकोस. मेन रोडवरून मीटरवर मलमल घे, दीड-दोन डझन चौकोन होतील एवढं. कोऱ्या कापडाची खळ निघेपर्यंत चार-पाच वेळा धू, त्याआधी ते शूचं पाणी धरणारच नाही. वरून घालायच्या चड्ड्या मी इथून पाठवते, त्या कडकडीत उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नकोस, आतला थर सुटतो. आजी पावसाळ्यात शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर बाळुती वाळवायची, ते तू करू नकोस. पंख्याखाली स्टँड लाव आणि कापडं एकपदरी पसर. उघडीप मिळाली की गच्चीवर. पहिले पंधरा-वीस दिवस फक्त दिवसा वापर, रात्री डायपर लाव आणि झोप मिळेल तेवढी घे. धुण्याचं काम दादाकडे पहिल्या दिवसापासून दे, नंतर देऊ म्हटलं की ते राहून जातं. मी त्याच्याशी बोलले आहे, तो हो म्हणालाय.