हरिहरेश्वरच्या कातळावर, पाणी फिरल्यावर

मार्गशीर्षातल्या द्वादशीला हरिहरेश्वरला फोटो काढायला गेलो. तिथी मुद्दाम निवडली होती. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे रात्री 9 च्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी 3 च्या आत-बाहेर पूर्ण ओहोटी. सूर्यास्त 6 ला, तेव्हा चढत्या पाण्यावर मावळतीचा उजेड मिळणार होता. हा अंदाजच, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघूनच निघा.

देवळामागच्या टेकडीवरून पायऱ्या दोन कातळांच्या फटीतून खाली उतरतात. हाच प्रदक्षिणेचा मार्ग. भरतीला तो बुडतो, तशा पाट्याही आहेत, आणि इथून माणसं वाहून गेली आहेत. खालच्या काळ्या कातळाला लाटांच्या खाऱ्या पाण्यानं मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. एकात बोट घातलं तर कड उन्हानं तापलेली, तळाशी पेरभर गार पाणी आणि तिळाएवढा जिवंत शंख. संध्याकाळी ही सगळी भोकं सोन्यासारखी उजळतात.

5 वाजता कालवं काढणाऱ्या मावशी टोपली घेऊन निघाल्या. "पाणी फिरलंय कधीचं, उचला आता तुमचं," म्हणाल्या. म्हणजे भरती कधीच सुरू झाली होती. "दहाच मिनिटं, मावशी," म्हणालो आणि पंचवीस मिनिटं थांबलो. समोरची लाट अजून लांब होती. मागे वळलो तर येताना कोरड्या पायांनी ओलांडलेली घळ मांडीभर भरलेली! तिच्यात उतरायचं टाळलं. वरच्या अंगानं, दोन्ही हातांनी कातळ धरत बाहेर आलो. बराच वेळ हात थरथरत होते.

म्हणून कळकळीनं सांगतो, समुद्रापेक्षा परतीच्या वाटेवर जास्त लक्ष ठेवा. पाणी आधी तुमच्या मागच्या सखल जागा भरतं. उतरताना वाटेतल्या सर्वात खोल जागेचा मोबाईलवर फोटो काढा आणि तिथे पाणी शिरलं की निघा. ओहोटीनंतरचा तिसरा आणि चौथा तास सर्वात वाईट, या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर आणखी जोरात.

कॅमेरा काढण्याआधी वीस मिनिटं नुसत्या लाटा बघा, मोठ्या लाटा थांबून थांबून येतात. कालवं चिकटलेला कातळ रोज बुडतो, तिथे बॅग ठेवू नका, पाठीवरच असू द्या. शेवाळावर पाय नको, चपला तर नकोतच. सोबत एक माणूस असा हवा, जो फोटो न काढता फक्त पाण्याकडे बघेल. कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि 112 लावा.

अर्ध्या ते एक सेकंदाच्या शटरला ओसरत्या पाण्याच्या रेघा छान येतात. ट्रायपॉडचे सांधे मात्र त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुवा, सकाळपर्यंत मीठ धरतं.