वीस मीटर तार आणि आमची गच्ची

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांनी रेडिओवरून एकमेकांशी बोलण्याच्या, परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा धास्ती मॉर्सची, त्या टिंब-रेघांच्या लिपीची होती. पण परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मॉर्स लागतच नाही. माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला नडला तो बँडचा, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांचा तक्ता. एचएफ ३ ते ३० मेगाहर्ट्झ, व्हीएचएफ ३० ते ३००, यूएचएफ ३०० ते ३०००. ठाण्याला गाडीत बसून घोकायचं आणि दादरला उतरेपर्यंत पाटी कोरी.

शिकवणारे काका म्हणाले, "पाठांतर सोड. ३०० भागिले मेगाहर्ट्झ कर, लाटेची लांबी मीटरमध्ये येते." करून बघितलं. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे एकेक लाट ५३८ मीटरची. बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक! एफएम रेनबो १०७.१ मेगाहर्ट्झवर, तिची लाट तीन मीटरसुद्धा नाही. घरचं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय तर साडेबारा सेंटिमीटर, वीतभरही नाही. मग तक्ता आपोआप डोक्यात बसला.

परीक्षा पास झालो. कॉलसाइनची, म्हणजे हवेवरच्या माझ्या ओळखनावाची, वाट बघण्यात मात्र बरेच महिने गेले. व्हीयू३ने सुरू होणारं ते अक्षरांचं शेपूट हातात आल्यावर खरी लढाई सुरू झाली, सोसायटीशी.

"मोबाइलचा टॉवर लावताय का?" सेक्रेटरींनी विचारलं. मी तारेचं भेंडोळं दाखवलं. ७ मेगाहर्ट्झच्या चाळीस मीटर बँडला अर्ध्या लाटेचा डायपोल, म्हणजे मधून दोन बाजूंना पसरलेला तारेचा अँटेना, साधारण वीस मीटरचा होतो आणि आमची गच्ची टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत जेमतेम चौदा. शेवटी मधोमध बांबू उभा केला, तारेच्या दोन्ही बाजू उतरत्या सोडल्या, उरलेली टोकं कठड्याच्या कडेने वळवली. वाळत घातलेल्या पापडांना धक्का लागणार नाही, एवढं कबूल करून.

दिवसा पुणे, नाशिक छान येतं. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि लांबलांबची स्टेशनं घुसतात. आमची लिफ्टही. तिची मोटर सुरू झाली की सेटमध्ये अशी खरखर उठते की कोण किती मजले चढलं ते मी न बघता सांगू शकतो.

परवा सेक्रेटरी संध्याकाळी वर आले. पाच मिनिटं कोणाचं तरी "सीक्यू, सीक्यू" (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) ऐकलं आणि म्हणाले, "ते राहू दे. यावर अस्मिता लागते का?"

लावून दिली.