स्विच बंद, पण फेज हलते

गेले तीन आठवडे मी एका मायक्रोवेव्ह स्विचच्या मागे लागले आहे.

सीझियम फाउंटन या अणुघड्याळात थंड अणूंचा पुंजका वर उडवतात. मायक्रोवेव्ह सोडलेल्या धातूच्या पोकळीतून, म्हणजे कॅव्हिटीतून, तो एकदा वर जाताना आणि एकदा खाली येताना जातो, मध्ये साधारण अर्धा सेकंद. दोन्ही वेळा त्याला 9,19,26,31,770 हर्ट्झच्या आसपासचा पल्स मिळतो. अणू कॅव्हिटीच्या वर असताना कुठून झिरपलेला मायक्रोवेव्ह त्यांना लागला, तर घड्याळ चुकतं. म्हणून तेवढा वेळ सिग्नल बंद ठेवायचा. पण बंद-चालू करताना सिग्नलची फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात नेमकी कुठे आहे ती जागा, हलते, आणि दर फेरीत त्याच क्षणी, तशीच हलते. साधा नॉइज सरासरीत विरतो. हा हेलकावा विरत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

दोन पल्सच्या फेजमध्ये 1 मायक्रोरेडियनचा फरक पडला, तर वारंवारता स्वतःच्या 3.5 × 10⁻¹⁷ पट इतकी सरकते. तरंगलांबी 3.26 सेंटिमीटर, म्हणजे मार्गात जेमतेम 5 नॅनोमीटरचा फरक. केबलला बोट लावलं तरी याहून कितीतरी जास्त होतो!

सिग्नलची वारंवारता मिक्सरने खाली आणली, फाउंटनच्याच ट्रिगरवर नमुने घेतले आणि फेऱ्या एकावर एक रचत गेले. पहिल्या तासात पडद्यावर नुसतं गवत होतं. सकाळी त्यातून एक उतार वर आला होता: स्विच चालू झाल्यावर फेज हळूहळू खाली घसरत होती. हाच उतार दोन्ही पल्सना सारखा असता तर काही बिघडलं नसतं, कारण अणूंना फक्त फरक कळतो. पण पहिल्या पल्सआधी स्विच बराच वेळ बंद असतो, दुसऱ्याआधी अर्धा सेकंदही नाही. स्विचमधला डायोड दोन वेळा वेगवेगळ्या तापमानाला असतो, आणि उतारही वेगळे पडतात.

उपाय डायोड थंड ठेवण्याचा नाही, भार सतत सारखा ठेवण्याचा आहे. पॅरिसच्या सिर्ट या वेळ मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी वापरलेली इंटरफेरोमीटरची पद्धत मला म्हणूनच फार आवडते. सिग्नल दोन वाटांनी न्यायचा आणि एका वाटेची फेज अशी फिरवायची की बाहेर पडताना दोन्ही एकमेकांना खोडतील. शक्ती दुसऱ्या तोंडावरच्या टर्मिनेशनमध्ये, म्हणजे ती शोषून घेणाऱ्या भागात, जिरते, आणि सिग्नल तयार करणाऱ्या मागच्या सिंथेसायझरला काही बदललंय याचा पत्ताच लागत नाही.

तशी जुळणी केल्यावर काल रात्री दोन पल्समधला फरक 2 मायक्रोरेडियनच्या आत आला. स्विचला आज्ञा देणाऱ्या तारेचा ग्राउंडमधून येणारा झटका मात्र आलेखात अजून दिसतो. ती तार काढून आता तिथे फायबर टाकणार आहे.