आबांच्या हातची बाकं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला माझ्या वडिलांविषयी लिहायचं आहे. आबा या शाळेचे विद्यार्थी नव्हते; चौथीनंतर त्यांचं शिकणं थांबलं. पण आठवी ते दहावी आपण ज्या बाकांवर बसलो, ती त्यांनी घडवलेली. 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्या सुमारास शाळेच्या दोन खोल्या वाढल्या. गावकऱ्यांनी फणसाचं लाकूड दिलं आणि आबांनी आमच्या पडवीत रंधा मारायला घेतला. कोपरे गोल करण्यात फार वेळ जातोय, असं कोणीतरी म्हणालं. आबा मान वर न करता म्हणाले, "पोरांच्या गुडघ्याक लागात."

गावात त्यांना कोणी सुतार म्हणे, कोणी गवंडी, कोणी दशावतारी, म्हणजे जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या दशावतार या लोकनाट्यातला नट. त्यांच्या अंगी कला फार, असं सगळेच म्हणत. मला मात्र आधी त्यांचे कष्ट दिसतात. कुडाळ तालुक्यातल्या आमच्यासारख्या थोडक्या शेतीवाल्या घराचं एका धंद्यावर वर्ष निघत नसे. मिरगाला पेरणी, मग तरवा काढून लावणी, श्रावणात पडवीत गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. भात घरात आलं की कार्तिकापासून जत्रा सुरू, आणि त्यांत पार मे महिन्यापर्यंत दशावतार. या सगळ्यातून उरलेल्या दिवसांत जांभ्या चिऱ्याची बांधकामं. एक काम हातातून सुटायच्या आत दुसरं दारात उभं असायचं. आईने या घड्याळाशी स्वतःला कसं जुळवून घेतलं, हे एका वेगळ्या लेखात लिहावं लागेल.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते, हे बाहेरगावच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कुठला राजा ते ठरतं, आणि रात्रभर जो तो आपलं भाषण आपण रचत जातो. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, संकासुर. मग मुख्य कथा. साथीला पेटी, पखवाज आणि झांज. आबा आरशाचा तुकडा हातात धरून स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत. चौथी शिकलेला हा माणूस रंगात आला की शुद्ध मराठीत अर्धा तास बोले आणि एकही शब्द अडत नसे. ती भाषा त्यांना देवळातल्या पोथीवाचनातून आणि जुन्या नटांना ऐकून आली होती. दशावतारी नटाविषयी आपल्याकडे म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. आबांचा बोजा म्हणजे चिरे. पहाटे रंग पुसून आलेला माणूस नऊ वाजता ओळंबा, म्हणजे सरळपणा बघायची वजन बांधलेली दोरी, धरून भिंतीशी उभा असे. दमलो, हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. थकवा चेहऱ्यावर मात्र दिसायचा.

आपल्या स्नेहसंमेलनातही मुलांची तोंडं रंगवायला ते दरवर्षी येत. पैसे विचारलेही नाहीत आणि घेतलेही नाहीत. सफेदा, काजळ, कुंकू आपल्या पेटाऱ्यातूनच आणत.

आजोबा झाल्यावर ते बदलले. आम्हा भावंडांना त्यांनी हाताला धरून काही शिकवलं नाही, त्यांना तेवढी उसंतच नव्हती. 1998 साली कोकण रेल्वे मुंबईपर्यंत पूर्ण धावू लागली आणि मुंबईची नातवंडं वरचेवर येऊ लागली. तोवर आबांनी जत्रा सोडल्या होत्या. मग नागपंचमीपासून पडवीत आजो आणि नातवंडं. गिऱ्हाइकांनी आणून ठेवलेले पाट कोणाचे कोणते, हे आबांना तोंडपाठ. मुलांनाही त्यांनी ते पाठ करायला लावलं. माती मळणं, सोंडेचा बाक, बोटांची ठेवण, सगळं क्रमाने. एकदा माझ्या पुतणीने घाईत मूर्ती तिरकी बसवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चिरो वाकडो बसलो तर भिंत सांगता, मूर्ती वाकडी बसली तर डोळे सांगतत." मग ओळंबा आणून मूर्तीसमोर धरला आणि तिला स्वतःला बघू दिलं. डोळ्यांची आखणी हे कारखान्यातलं शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. ते आबांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. हात कापायला लागले त्या वर्षी कुंचला त्यांनी तिच्याच हाती दिला. मुलीने आखणी करायची का, अशी कुजबुज वाडीत झाली. आबांनी कोणाला उत्तर दिलं नाही. त्या वर्षीच्या सगळ्या मूर्तींचे डोळे तिने आखले. मला त्यांच्या सगळ्या कामांपेक्षा या एका निर्णयाचा जास्त अभिमान वाटतो.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गणपतीची शाळा ती पुतणी चालवते, रजा काढून, मातीच्याच मूर्तींची.

महोत्सवानिमित्त वर्गांत नवीन बाकं येणार आहेत, असं कळलं. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की जुन्यांपैकी धड असलेली दोन-चार ग्रंथालयात ठेवावीत. सांधे ढिले झाले असतील तर माझा मुलगा सुट्टीत येऊन ते घट्ट करून देईल. आबांचा रंधा आणि पटाश्या त्याच्याकडेच आहेत.