सड्याच्या कडेची रानमोडी काढताना

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी कातळसड्याच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराच्या, कडेला घराण्याची सामायिक जमीन आहे. तिच्या उतारावर रानमोडी हे झुडपासारखे परके तण माजले होते आणि वरच्या सपाटीवर ऑस्ट्रेलियन बाभळीची दाटी झाली होती. ही बाभूळ 1980च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणभर लावली गेली, तर मूळची अमेरिका खंडातील रानमोडी एकोणिसाव्या शतकात भारतात आली आणि पुढे आपल्या वाऱ्यावर उडणाऱ्या बियांनी पसरत गेली.

कामाला हात घालण्यापूर्वी सातबाऱ्यावरच्या सर्व सहहिस्सेदारांची संमती आवश्यक होती आणि तीच सर्वांत अवघड ठरली. ‘‘अरे, ओसाड कातळावर कुठे थोडी हिरवळ झाली आहे, तीही काढायची?’’ असे मुंबईच्या थोरल्या काकांनी विचारले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. सडा ओसाड नसतो, हे त्यांना पावसाळ्यात प्रत्यक्ष दाखवावे लागले. पहिल्या सरींनंतर कातळाच्या खळग्यांतील बोटभर मातीत पांढरी दीपकाडी फुलते, पुढे सीतेची आसवे आणि गेंद यांचे ताटवे येतात. या वनस्पतींना उघडे ऊन आणि निकस माती मानवते. बाभळीखाली मात्र न कुजलेल्या पाल्याचा जाड थर साचतो, सावली पडते आणि बाभूळ हवेतला नत्र मातीत स्थिर करत असल्याने मातीचा कसही बदलतो. बाभळीखालचा आणि शेजारचा मोकळा कातळ काकांनी स्वतः पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी इतरांना फोन केले.

रानमोडीच्या बाबतीत सगळे यश वेळेवर अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे. आमच्याकडे बेणणी, म्हणजे वाढलेल्या झाडोऱ्याची साफसफाई, पूर्वापार पावसाळा संपल्यावर होते. त्या वेळी जमीन घट्ट झालेली असते, कोयतीने झुडूप वरवर छाटले जाते आणि बुंध्यातून पुन्हा जोमदार फुटवे येतात. म्हणून आम्ही भर पावसात, माती मऊ असताना, झुडपे मुळासकट उपटली. उपटलेले झुडूप ओल्या मातीवर पडले तर पुन्हा मूळ धरू शकते, त्यामुळे मुळे वर करून ती गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पसरली. गडग्याच्या चिऱ्यांत रुतलेले खोड उपटता येत नाही. अशी झुडपे दिवाळीपूर्वी, फुलोरा येण्याच्या आत, छाटली आणि फुटवे आले की पुन्हा छाटली. फुलोऱ्यानंतर एकेका झुडपावर हजारोंनी केसाळ बिया तयार होतात आणि मग छाटणाऱ्याच्या कपड्यांनाही चिकटून त्या नव्या जागी पोहोचतात. जाळण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण वाळलेली रानमोडी भडकन पेटते, वणवा आंब्याच्या बागेपर्यंत जाऊ शकतो आणि जळलेल्या मोकळ्या जमिनीवर सर्वप्रथम तीच उगवते.

बाभळीची रोपे हातांनी निघाली. मोठी झाडे तोडण्यापूर्वी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात नियम विचारून घेतले आणि नंतर तोड केली. कातळावरचा पाला मात्र खराट्याने, खळग्यांतील कंद उखडले जाणार नाहीत अशा बेताने, पावसाआधी बाजूला करावा लागला. हे काम घरातील बायकांनी आणि काकींनी फार निगुतीने केले.

रिकाम्या झालेल्या जागी काही लावायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. उतारावर करवंद, कुडा आणि दिंडा आपोआप वर आले. त्यांची सावली दाटली तेथे रानमोडीची रोपे कमी दिसतात. सड्यावर बाभळीचे साठलेले बी अजून दर पावसात उगवते, ते कोवळे असतानाच काढावे लागते. वाऱ्याच्या बाजूला असलेल्या शेजारच्या पडीक जमिनीतून रानमोडीचे बीही येत राहते. तिचे मालक परगावी असल्याने त्यांच्याशी पत्रव्यवहार करून, त्यांच्या संमतीने, यंदापासून त्या बांधावरची छाटणीही आम्हीच दिवाळीपूर्वी करणार आहोत.