वारा असतो तेव्हा पाणी नसतं

हैदराबादची नोकरी सोडून २०२३ साली संभाजीनगरला परत आले, तेव्हा सामानाच्या यादीत फ्रिज, कपाट, दोन सायकली आणि एक होडी होती. ट्रान्सपोर्टवाल्यानं होडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तिकडं समुद्र कधी आला?"

होडी लेझर जातीची. अलीकडं तिचं अधिकृत नाव आयएलसीए झालंय, पण ज्यांनी ती चालवली ते सगळे लेझरच म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, रिकाम्या होडीचं वजन साधारण ५९ किलो, एक डोलकाठी, एक शीड, एक माणूस. भारताची नेत्रा कुमानन टोकियो ऑलिम्पिकमध्ये याच जातीची होडी घेऊन उतरली होती. माझी तिसऱ्या का चौथ्या हाताची आहे, आणि मी स्वतः पस्तिशीत शिकलेली. शिकले हुसेनसागरावर. तलावाच्या मधोमध बुद्धाची अखंड दगडी मूर्ती आहे. १९९० मध्ये ती नेताना तराफा उलटून मूर्ती तळाला गेली, काही माणसं दगावली आणि १९९२ च्या अखेरीस ती बाहेर काढून उभी केली. माझी होडी एका सकाळी चार-चारदा उलटायची. तेव्हा मी पाण्यातूनच त्या मूर्तीकडं बघायची. दोन वर्षं तळाशी काढून उभा राहिलाय म्हटल्यावर आपण पाच मिनिटांत वर यायला हरकत नव्हती.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, होडी सोडायची कुठं? आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस बायका कॅलेंडरवर गोल करून ठेवतात. अशा ठिकाणी "होडी फिरवायला पाणी शोधतेय" असं सांगायला मलाच लाज वाटायची. आईनं तर स्पष्ट सांगितलं, पाव्हण्यांसमोर हा विषय काढायचा नाही.

उपग्रहाच्या नकाशावर निळे ठिपके शोधत बसले. शहरातले दोन ठिपके लगेच बाद. दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली तलाव पक्ष्यांचा, आणि एवढासा की लेझर एका दमात पलीकडच्या काठाला जाऊन धडकेल. हर्सूलचं पाणी पिण्याचं. दोन्हींचा नाद सोडला.

मग नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडी म्हटलं की आपल्याकडं टक्केवारी आठवते, पण शिडाच्या माणसाला आधी त्याचा पसारा दिसतो. धरणाची भिंत दहा किलोमीटर, २७ दरवाजे, भरल्यावर पाण्याखाली जाणारी जमीन साधारण ३५० चौरस किलोमीटर. वाऱ्याला अडवायला ना डोंगर, ना इमारत. पैठणला भिंतीवर उभं राहून पश्चिमेला बघितलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. पहिल्या दिवशी मी तिथं अर्धा तास नुसती उभी होते. एका भेळवाल्यानं विचारलं, "ताई, कुणाची वाट बघायलेत का?"

पण हे पाणी परातीसारखं आहे. एकूण साठा २,९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. त्याला क्षेत्रफळानं भागा, सरासरी खोली आठ-नऊ मीटरच निघते. कडेला तर कितीतरी किलोमीटर गुडघा-कंबरेएवढंच. पाणी एक मीटर उतरलं की काठ शेताएवढा मागं सरकतो, आणि उघड्या पडलेल्या चिखलात लोक गाळपेर करतात. बातम्यांत "जायकवाडी शून्य टक्क्यांवर" येतं तेव्हाही आत ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी असतं, म्हणजे होडीला पाणी असतंच. त्या पाण्यापर्यंत ५९ किलोची होडी चिखलातून ओढायची कशी, हा प्रश्न वेगळा.

२०२३ चा तो पावसाळा आमच्याकडं कोरडाच गेला. जून-जुलैमध्ये पश्चिमेचा वारा असा की गच्चीवरच्या चादरी शेजारच्यांच्या गच्चीवर जायच्या. होडीसाठी याहून चांगला वारा नाही. आणि धरण उतरलेलं. जायकवाडी इथल्या पावसावर भरतच नाही. नाशिक-नगरकडं पडलेला पाऊस गोदावरी-प्रवरेतून खाली येतो, तोही वरची धरणं भरल्यावर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. त्या साली तर दिवाळीच्या तोंडावर वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, त्यावर आंदोलनं, कोर्ट, सगळं झालं. पाणी आलं तेव्हा वारा गेलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाथसागर आरशासारखा. आमच्याकडं वारा आणि पाणी एकाच महिन्यात येत नाहीत, हे समजायला मला अख्खं वर्ष लागलं.

शिवाय नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. होडी घालायची तर वन्यजीववाल्यांची परवानगी हवी, धरण जलसंपदाचं म्हणून त्यांचीही हवी. मी कागद करायला सुरुवात केली होती. मग डिसेंबरात एका सकाळी कायगाव टोक्याच्या बाजूला गेले. प्रवरासंगमाच्या पुलाच्या खाली, धुक्यात, बदकांचे थवेच्या थवे पाण्यावर बसलेले. शीड म्हणजे सात चौरस मीटरचं पांढरं फडकं. ते फडफडत त्यांच्यात घुसलं तर काय होईल, हे बघायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. त्या दिवशी नाथसागराचा अर्ज मी स्वतःच बाजूला ठेवला. काही मित्र म्हणाले, उन्हाळ्यात पक्षी नसतात, तेव्हा घाल. उन्हाळ्यात पाणी उतरून काठाला नुसता चिखल असतो, ते वर सांगितलंच.

बाकीच्या धरणांचं थोडक्यात सांगते. माजलगाव बघितलं, पाणी छान, पण जाऊन-येऊन दिवस संपतो आणि सांजवेळचा वारा सापडायच्या आत परत निघावं लागतं. पूर्णेवरचं येलदरी फार देखणं, टेकड्यांमध्ये, वारा कोपऱ्याकोपऱ्यावर दिशा बदलणारा. तिथं राहायची सोय केली तरच परवडेल. मांजऱ्याचं पाणी लातूरला प्यायला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावाच्या धरणात मौजेसाठी होडी घालायची कल्पना माझ्याच तोंडात अडकली.

शेवटी जागा सापडली ती नकाशावर नाही, लग्नाच्या पंगतीत. शेजारी बसलेले एक काका पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, मोठी धरणं कशाला बघता, मध्यम प्रकल्प बघा. तासाभराच्या रस्त्यावर चार-पाच आहेत. पिण्याच्या योजनेचं नाही, अभयारण्य नाही, आणि मासेमारीचा ठेका गावातल्याच सोसायटीकडं आहे, असं धरण शोधा. सोसायटी हो म्हणाली की निम्मं काम झालं.

मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं. असो. ते धरण मला मिळालं. नाव लिहीत नाही, कारण रविवारी तिथं पन्नास गाड्या उभ्या राहणार नाहीत असा शब्द मी सोसायटीच्या मामांना दिलाय.

परवानगीचा कागद हे मात्र वेगळंच प्रकरण. कुठलं कार्यालय ते राहू द्या. छापील अर्जात रकाने होते: इंजिनाचा क्रमांक, अश्वशक्ती, इंधनाचा प्रकार. मी तिन्हींपुढं "लागू नाही" लिहिलं. अर्ज "अपूर्ण" म्हणून परत. दुसऱ्यांदा "बिगर यांत्रिक होडी" असं लिहून पत्र जोडलं. परत. तिसऱ्या वेळी साहेब जेवायला गेलेले. तिथल्या लिपिक मॅडमनी कागद वाचला, म्हणाल्या, "बोट इंजिनाशिवाय चालते कशी?" मी त्यांच्याच टेबलावर फाईलीची पाठ उभी धरून, पंखा चालू करून दाखवलं. फाईल सरकली. "अगंबाई," म्हणाल्या, आणि इंधनाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं "वारा" लिहिलं. तो अर्ज मंजूर झाला. त्याची प्रत मी लॅमिनेट करून ठेवलीय. बुडाल्यास जबाबदारी माझी, लाइफ जॅकेट सक्तीचं, भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब राहायचं, अशा अटी होत्या. त्या नसत्या तरी मी पाळल्याच असत्या.

फेब्रुवारीतला रविवार. बोलेरो पिकअपच्या हौद्यात होडी तिरकी घातली, मागं बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं. टोलनाक्यावरच्या पोरानं विचारलं, "ताई, मंदिराचा कळस हाय का?" काठावर डोलकाठी उभी करेपर्यंत निम्मं गाव जमलं. मामा, म्हणजे सोसायटीतले सगळ्यात जुने भोई, थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकून नुकतेच आले होते. कटला, रोहू आणि पोतंभर चिलापी. होडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "इंजिन कुठं बसवलंय?"

"नाही मामा. वाऱ्यावर चालते."

"आन् वारा पडला तर?"

"मग वल्हं."

"मग आधीच वल्हं घ्यावं की."

याला माझ्याकडं अजूनही उत्तर नाही.

तो दिवस काही धड गेला नाही. पहिली चूक, भिंतीच्या आडोशाला होडी उतरवली. वारा भिंतीवरून येत होता, त्यामुळं काठाजवळ काहीच नाही, आणि शंभर मीटर आत गेल्यावर एकदम थप्पड बसल्यासारखा. दुसरी चूक, जाळी. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या मला कचरा वाटल्या. तो मामांच्या जाळ्याचा खुणेचा दोर होता. लेझरच्या पोटातून एक पातं खाली सोडलेलं असतं, डॅगरबोर्ड म्हणतात. ते जाळ्यात अडकलं, होडी गपकन थांबली, मी पुढं, शीड आडवं. काठावरून टाळ्या. पातं वर ओढून, पोहत, जाळं न फाडता सोडवायला वीस मिनिटं गेली. मामा तराफ्यावर येऊन शांतपणे बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तिकडं नगं जाऊ. तिकडं बाभळी हायत्या. त्याच्या पलीकडं इहीर हाय."

बुडालेल्या बाभळींची खोडं आणि बुडालेली विहीर उपग्रहाच्या नकाशावर दिसत नाही. त्या दिवशी मामांनी काडीनं वाळूत अख्ख्या धरणाचा तळ काढून दाखवला. इथं नाला, इथं गावठाणाची जुनी भिंत, इथं पाटलाचा मळा, इथं विहीर. धरण व्हायच्या आधी त्यांनी तिथं ढोरं राखलेली. मी फोटो काढून घेतला. तोच माझा नकाशा. पाणी उतरलं की कोणता भाग केव्हा बंद करायचा, हे मी भिंतीवरच्या पातळीच्या आकड्यांवरून ठरवते.

आता दोन वर्षं झाली. माझं वेळापत्रक साधारण असं बसलंय. पाऊस बरा झालेल्या साली ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं. वारा मंद, म्हणून शिकाऊ लोकांना न्यायचं. माझा नवरा याच दिवसांत येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी चारनंतर चांगला वारा सुटतो, तोच खरा आमचा ऋतू. एप्रिल-मेमध्ये भोवरे उठतात. काठावरची धूळ गोल फिरताना दिसली की शिडाचा दोर सोडून द्यायचा, नाहीतर होडी उलटीच. हे दोनदा उलटून शिकले. जूनमध्ये होडी गोठ्यात, पालथी घालून, शीड घरी. वारा तेव्हाच सगळ्यात भारी, आणि तेव्हाच माझ्याकडं पाणी नाही.

म्हणून जुलैत मी देवगिरी एक्सप्रेस पकडते आणि सिकंदराबादला उतरते. हुसेनसागरावर पावसाळ्यातच शर्यती असतात. मुंबईत उलट, तिथं पावसाळ्यात समुद्र खवळलेला म्हणून होड्या काठावर चढवतात आणि ऑक्टोबर ते मेपर्यंत चालवतात. दोन्हीकडं ओळखी ठेवल्या तर मराठवाड्यात राहून बारा महिने शीड उघडता येतं. माझे आजोबा निजामाच्या राज्यात कोर्टाच्या तारखांना हैदराबादला जायचे. नातीला तिकडं कसली तारीख असते ते त्यांना समजावून सांगायला मला आवडलं असतं.

मागच्या फेब्रुवारीत मामांनी विचारलं, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं होडी जाते कशी? मी सांगितलं, थेट जात नाही. घाटात गाडी वळणं घेत चढते तशी, एकदा डावीकडं तिरपी, एकदा उजवीकडं तिरपी. खालचं पातं पाण्याला धरून ठेवतं म्हणून ती आडवी घसरत नाही. त्यांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी गेले तर त्यांच्या थर्मोकोलच्या तराफ्यावर बांबू उभा, आणि त्याला खताच्या गोण्या शिवून केलेलं पिवळं शीड. पातं नव्हतं, त्यामुळं वाऱ्याबरोबर सुसाट पलीकडच्या काठाला गेले. जाळी उचलली, मासे भरले, शीड गुंडाळलं, आणि वल्हं मारत, घामाघूम होत, अर्ध्या तासानं परत आले.

"जाताना फुकट गेलो," म्हणाले, "येताना तुझ्या त्या पात्याचं माप दे."